मुलाचा खोकला आणि घरातला कापूस

२०२५ च्या नवरात्रात आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला साधी सर्दी झाली. दोन-तीन दिवस अंग तापले, मग ताप उतरला, नाक वाहायचे थांबले. खोकला मात्र मागे राहिला. आम्ही अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठावरील एका गावात राहतो. घर शेतीचे आहे, कापूस हे मुख्य पीक आहे आणि मी जवळच्या शाळेत शिकवते. हा खोकला दिवाळीनंतरही चालूच राहिला आणि त्याचे कारण लक्षात येईपर्यंत थंडी पडू लागली होती. त्या काळात डॉक्टरांनी काय विचारले, कोणत्या शंका एकेक करून बाजूला पडल्या आणि घरात काय बदलावे लागले, हे तपशिलाने लिहिण्याचे कारण एवढेच की कापसाच्या हंगामात असे खोकणारे मूल माझ्या वर्गातही दरवर्षी एखादे तरी असते.

खोकला कोरडा होता. दिवसा मुलगा अंगणात धावला किंवा खूप हसला की थोडा खोकायचा. खरा त्रास रात्री झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी आणि पुन्हा पहाटे व्हायचा. उबळ आली की तो उठून बसे, डोळ्यांत पाणी येई आणि कधीकधी रात्री प्यालेले दूध उलटून पडे. उलटी झाल्यावर तो शांत झोपायचा आणि आम्ही दोघे जागे राहायचो.

सासूबाईंचे पहिले निदान नजरेचे होते. “पोऱ्याले नजर लागनी शे,” असे म्हणून त्यांनी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. त्यात कोणाचे काही बिघडत नव्हते, म्हणून मी काही बोलले नाही. मग तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी छाती शेकायला आली आणि शेजारच्या मावशींनी अडुळशाची पाने आणून दिली. घरगुती उपायांविषयी माझे मत सरसकट वाईट नाही. झोपण्यापूर्वी चमचाभर मध चाटवल्याने खोकला थोडा शमतो, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. फक्त एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मला मान्य नव्हती ती निखाऱ्यावर ओवा टाकून बंद खोलीत दिली जाणारी धुरी. आधीच चिडलेल्या श्वासनलिकेत आणखी धूर घालण्यात काही अर्थ नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर टॉवेल धरून लहान मुलाला वाफ देण्यासही मी नकार दिला, कारण त्यात फायदा फारसा नाही आणि पातेले लवंडून मूल भाजण्याची भीती मात्र खरी आहे.

खोकला म्हटला की आमच्याकडे पातळ औषधाची बाटली ठरलेली असते आणि माझ्या पतींनीही ती दुकानातून आणली होती. नेमके त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या बातम्या येऊ लागल्या. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन पुढे २० हून अधिक मुले दगावली. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबरला सूचना काढली की खोकला-सर्दीची औषधे २ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि ५ वर्षांखालील मुलांसाठीही ती साधारणपणे योग्य नाहीत. मी आमच्या बाटलीचे लेबल वाचले. तिच्यात भेसळ असण्याचा संशय नव्हता, परंतु क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ही दोन नावे होती आणि हे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा अगदी बारीक अक्षरांत छापलेला होता. औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच तो बंधनकारक केला होता. बाटली तशीच बंद ठेवली. भेसळीचा प्रश्न वेगळा आणि औषधाच्या उपयोगाचा वेगळा, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. शुद्ध असले तरी असे औषध एवढ्या लहान मुलाच्या खोकल्यावर फारसे काम करत नाही आणि झोपेची गुंगी मात्र आणते.

तालुक्याच्या गावातील डॉक्टरांनी मुलाला तपासून सांगितले की सर्दीनंतरचा खोकला तीन आठवडेही रेंगाळू शकतो, त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही, आणि तोवर आपले काम लक्ष ठेवण्याचे आहे. हे लक्ष कसे ठेवायचे, ते मला आमच्या आशाताईंनी शिकवले. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, सदरा वर करून छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही आणि रडत असताना तर मोजायचेच नाही. १ ते ५ वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक भरले, २ महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि त्याहून लहान बाळाचे ६० किंवा अधिक, तर न्यूमोनियाची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. आकडा कमी असला तरी श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणीही पीत नसेल किंवा एकदम मलूल झाले असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. या मोजणीने मला औषधाइतकाच आधार दिला, कारण रात्री खोकल्याचा आवाज कितीही भीतिदायक वाटला तरी मोजलेले श्वास ठीक आहेत हे हातात असायचे.

तीन आठवडे उलटले, चौथा सरला आणि खोकला तसाच राहिला. मुलांचा खोकला चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर तो जुना खोकला मानून त्याचे कारण शोधावे लागते, असे सांगून त्याच डॉक्टरांनी आम्हाला धुळ्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

तेथे तपासणीपेक्षा प्रश्नच अधिक झाले. खोकला सुरू झाला तो सर्दीतून हळूहळू, की शेंगदाणा किंवा हरभरा खाताना एकदम ठसका लागून? दाणा श्वासनलिकेत अडकला तर छातीचा एक्स-रे सुद्धा कधीकधी स्वच्छ दिसतो, म्हणून या एका प्रश्नाला फार महत्त्व आहे, असे त्या म्हणाल्या. खोकला ओला आहे की कोरडा? सतत ओला, कफाचा खोकला महिनाभर चालला तर जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. उबळीच्या शेवटी लांब ‘हूप’ असा आवाज येतो का, आणि डांग्या खोकल्याची लस पूर्ण झाली आहे का? लसीकरणाचे कार्ड मी सोबत नेले होते. दीड वर्षाचा बूस्टरही झालेला होता. घरात कोणी विडी-सिगारेट ओढते का, चूल पेटते का, डासांची अगरबत्ती लावता का, कोणाला दमा, इसब किंवा सतत शिंका आहेत का? माझ्या सासूबाईंच्या आईला दमा होता, हे मला त्या प्रश्नामुळेच विचारून कळले.

त्यानंतर त्यांनी विचारले की गेल्या दोन वर्षांत घरात किंवा शेजारी कोणाला क्षयरोग झाला होता का. आमच्या शेतावरील सालदाराने आदल्या वर्षी क्षयरोगाचे सहा महिन्यांचे उपचार पूर्ण केले होते, आणि ते आजारी पडण्यापूर्वी हा मुलगा दिवसभर त्यांच्या कडेवर असायचा. दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला आणि क्षयरुग्णाशी आलेला संपर्क या दोन गोष्टी एकत्र आल्या की भारतात लहान मुलाची तपासणी करावीच लागते. शासकीय रुग्णालयात ती मोफत झाली. छातीचा एक्स-रे काढला आणि हातावर मांटू चाचणीचे इंजेक्शन दिले. ४८ ते ७२ तासांच्या आत परत जाऊन तेथील लालसरपणा नव्हे, तर कडक झालेला भाग मोजून घ्यायचा असतो, आणि १० मिलिमीटर किंवा अधिक भरला तर चाचणी सकारात्मक धरतात. आमच्या मुलाच्या हातावर काही उमटले नाही, एक्स-रे स्वच्छ होता आणि वजनही वयाप्रमाणे वाढत होते. या दिवसांत गावातील काहींनी सालदाराला घराबाहेर बसवण्याचा सल्ला दिला. पूर्ण उपचार घेऊन बरा झालेला माणूस रोग पसरवत नाही, हे नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना ओट्यावर बसवून सुनावले, याचे मला समाधान आहे.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एक वही ठेवली होती, ज्यात उबळीची वेळ, त्या दिवशीचे खेळणे, घरातील धूर-धूळ आणि मूल कुठे झोपले, एवढेच लिहायचे होते. दिवाळीत भाऊबीजेला आम्ही भुसावळला माझ्या माहेरी गेलो. फटाक्यांच्या धुराने खोकला वाढेल, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तेथे दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून उबळी जवळजवळ थांबल्या आणि गावी परतलो त्याच रात्री पुन्हा सुरू झाल्या. वही पाहून डॉक्टरांनी विचारले, “ताई, कापूस कुठे ठेवता?”

कापूस घरातच होता. सप्टेंबरअखेरच्या पावसाने पहिल्या वेचणीचा माल भिजला होता. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये असला, तरी खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तरच तो पूर्ण मिळतो, त्यापुढे कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. म्हणून तो वाळवण्यासाठी पुढच्या खोलीत पसरलेला होता, त्यावर दुसऱ्या वेचणीचा ढीग पडला होता, आणि त्या खोलीला लागूनच आमची झोपण्याची खोली होती. मुलगा दिवसभर त्या ढिगावर उड्या मारायचा. खानदेशातील कोणते मूल मारत नाही? डॉक्टरांनी समजावले की कापूस हा आजार नव्हे. मुलाची श्वासनलिका मुळात संवेदनशील आहे, सर्दीने ती चिडली, आणि ढिगातील पानांचा चुरा, माती व ओलीमुळे धरलेली बुरशी तिला शांत होऊ देत नाही. जिनिंग आणि सूतगिरण्यांतील कामगारांना वर्षानुवर्षांच्या कापूसधुळीने होणारा बिसिनोसिस हा वेगळा रोग आहे, त्याची धास्ती घेऊ नका, असेही त्यांनी सांगितले. दम्याची खात्री करणारी फुंकण्याची तपासणी पाच-सहा वर्षांच्या आधी मुलांना नीट जमत नाही. म्हणून लक्षणांचा ढंग पाहून काही महिने औषध द्यायचे, फरक पडतो का ते पाहायचे आणि मग कमी करायचे, असे ठरले.

औषध म्हणजे श्वासावाटे घ्यायचा पंप, इनहेलर. एक रोज घ्यायचा, श्वासनलिकेची सूज कमी करणाऱ्या ब्युडेसोनाइडचा, आणि दुसरा ती मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉलचा, उबळ किंवा घरघर असेल तेव्हाच. घरात खरा विरोध येथे झाला. “पंपनी सवय लागी जाई,” असे सासूबाई म्हणाल्या आणि नानांनी गोळ्या किंवा पातळ औषध मागून घ्या, असा आग्रह धरला. त्यांना पटले ते माझ्या बोलण्याने नव्हे, तर आकड्याने. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. तेच सालब्युटामॉल पोटातून दिले तर मिलिग्रॅममध्ये द्यावे लागते, सर्व शरीरात फिरते आणि हात थरथरणे, छाती धडधडणे असे त्रास अधिक होतात. फवारणीच्या औषधाचे पंपाला किती मिलिलिटर घालायचे, याचा हिशेब आयुष्यभर केलेल्या नानांना हा मुद्दा लगेच उमगला.

पंप देण्याची रीत चुकली तर औषध गालात आणि हवेत जाते, म्हणून ती दवाखान्यात करून दाखवायला सांगावी. पंप हलवून स्पेसरला, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामधल्या प्लास्टिकच्या नळकांड्याला, लावायचा, मास्क नाक-तोंडावर फट न ठेवता बसवायचा, एकदाच दाबायचे आणि मुलाला पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यायचे. दुसरी मात्रा असेल तर थोडे थांबून, पुन्हा हलवून द्यायची. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची आणि मास्कखालचा चेहरा पुसायचा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन फडक्याने न पुसता वाळू द्यायचा, कारण पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज निर्माण होते आणि औषध आतच चिकटते. पहिले काही दिवस मुलगा मास्क पाहून पळायचा. मग त्याने आधी सासूबाईंना मास्क लावून श्वास मोजायचे आणि नंतर स्वतः घ्यायचे, असा करार झाला, आणि पंपाला नावे ठेवणाऱ्या आजीच रोज रात्री स्पेसर घेऊन बसू लागल्या.

कापूस हलवणे मात्र पंपाइतके सोपे नव्हते. शेतातील खळ्यावर चोरीची आणि आगीची भीती, गोठ्याच्या पडवीत उंदीर, गच्चीवर दव. वाळलेला माल केंद्रावर गेला; ओला राहिलेला कापूस नानांनी खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याला हमीभावापेक्षा बऱ्याच कमी दराने दिला. त्यावर घरात दोन दिवस कोणी नीट बोलले नाही. ज्या घरात वर्षाची सगळी कमाई त्या ढिगात असते, तेथे ‘कापूस बाहेर ठेवा’ असे सांगणे डॉक्टरांना सोपे असते, हे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. उरलेल्या वेचणीचा माल गोठ्याच्या पडवीत फळ्यांवर ताडपत्री टाकून ठेवला. पुढची खोली ओल्या फडक्याने पुसून घेतली, गोधड्या कडक उन्हात टाकल्या, आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर, आंघोळीचे पाणी तापवण्याची चूल अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली.

फरक एका रात्रीत पडला नाही. आधी पहाटेची उबळ गेली, नंतर रात्रीची, आणि धावल्यावरचा खोकला सर्वांत शेवटी कमी झाला. एकदा सर्दीने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा काय करायचे ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते आणि त्याप्रमाणे घरीच निभावले. रोजचा पंप आता निम्म्या मात्रेवर आला आहे. तो स्वतःहून बंद करायचा नाही, अशी ताकीद आहे. मुलगा मोठा होईल तसा हा त्रास जाईल की राहील, हे आज सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. पावसाळ्यातील पहिल्या सर्दीला त्याची श्वासनलिका कशी वागते, यावर पुढचे ठरेल. नानांनी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, खळ्यावर पत्र्याची शेड बांधायला काढली आहे. तिला कुलूप आणि विजेचा दिवा असावा, एवढी एकच अट त्यांनी घातली आहे.