बसवत नाही

शनिवार, रात्री

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाशी बोलताना त्याचे पायही बघावेत, हे आज वहीत ठळक लिहून ठेवावंसं वाटतं. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल असं या आजारावरचं औषध (अँटिसायकोटिक) सुरू केलं किंवा डोस भरभर वाढवला, की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, एखादा रुग्ण घरभर येरझाऱ्या घालू लागतो. अर्ध्या भाकरीवरून उठतो. उभा राहिला तरी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. घरच्यांना वाटतं, आजार उसळला. ओपीडीत ‘चिडचिड वाढलीय, झोप नाही’ एवढंच सांगितलं जातं, गोळी वाढते आणि तिच्याबरोबर येरझाऱ्याही. या उलघालीपायी लोक औषध टाकून देतात. कधी जीव नकोसा होतो. म्हणून ही गल्लत छोटी मानू नये.

याचं नाव अ‍ॅकॅथिझिया. लाडिस्लाव हाश्कोवेट्स या झेक चेतातज्ज्ञाने १९०१ साली ते दिलं, तेव्हा पहिलं अँटिसायकोटिक, क्लोरप्रोमाझिन, यायला ५० वर्षं होती. ग्रीक अर्थ ‘न बसणं’. आपलं ‘बसवत नाही’ त्याहून नेमकं आहे. बसायची इच्छा आहे, पण ते जमत नाही, हे त्या एका क्रियापदात येतं.

याच औषधांनी मान अचानक वाकडी झाली, डोळे वर चढले, तर सगळे घाबरून लगेच दवाखाना गाठतात आणि प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने ते बहुधा लवकर सुटतं. अ‍ॅकॅथिझियासाठी अशी धावपळ कोणी करत नाही.

तो ओळखायच्या, मानसोपचारतज्ज्ञ बार्न्स यांच्या १९८९ च्या मोजपट्टीची पद्धत साधी आहे. रुग्णाला किमान दोन मिनिटं बसवून आणि दोन मिनिटं उभं करून इकडचं तिकडचं बोलत राहायचं, लक्ष पायांवर. मग थेट विचारायचं: ‘भीती वाटते, आवाज येतात म्हणून फिरता, की पायच बसू देत नाहीत?’ दुसरं उत्तर आलं आणि चालल्यावर थोडं बरं वाटत असेल, तर शेवटचा डोस कधी वाढवला ती तारीख काढायची.

पहिला उपाय म्हणजे डोस कमी करणं किंवा औषध बदलणं, अर्थात डॉक्टरांनीच. गोळी घरीच एकदम बंद केली तर आजार उलटतो, शिवाय काहींना बंद केल्यावरही हीच अस्वस्थता येते. प्रोप्रानोलॉल (एरवी रक्तदाबासाठी दिली जाणारी गोळी) बहुधा १० मिग्रॅ दिवसातून दोनदा असं सुरू करतात. दमा असेल तर नाही, आणि आधी नाडी व रक्तदाब पाहायचा. ते चालत नसेल तर रात्री मिर्टाझापिन (नैराश्यावरचं औषध) १५ मिग्रॅ हा पर्याय आहे.

ट्रायहेक्सीफेनिडिल २ मिग्रॅ मात्र आपल्याकडे सवयीने लिहिली जाते. या औषधांमुळे हात थरथरणं, अंग ताठणं यावर ती चालते. नुसत्या अ‍ॅकॅथिझियावर तिचा भरवसा धरू नये. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते, विसरायला होतं. आणि वर्षानुवर्षांच्या औषधाने ओठ-जिभेच्या चघळल्यासारख्या हालचाली सुरू झाल्या असतील, तर त्या हिने वाढू शकतात.

घरच्यांनी आठवडाभर एवढंच टिपावं: गोळीची वेळ, येरझाऱ्यांची वेळ, ताटावर किती मिनिटं बसला. दुसऱ्या डॉक्टरांची औषधंही लिहावीत. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइडही, या औषधांसारखीच, डोपामाइन हे मेंदूतलं रसायन अडवते, आणि तेवढ्यानेही पाय चालू लागतात.