जोडीतले दुसरे नाव

आमच्या चोपडा तालुक्यात विकास सोसायटीच्या निवडणुकीत पडणार हे दिसत असलेल्या पॅनलमध्येही तरुण कार्यकर्ते उभे राहतात, त्यामुळे अमेरिकेत डळमळीत अध्यक्षीय उमेदवाराबरोबर उपाध्यक्षपदासाठी कोणी का लढते, हा प्रश्न मला परका वाटत नाही. १९२० मध्ये जेम्स कॉक्स यांच्याबरोबर पराभूत झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९३२ मध्ये स्वतः अध्यक्षपदी निवडून आले. पहिल्या प्रचारात देशभर फिरून जोडलेली माणसे त्यांना पुढे उपयोगी पडली, आणि त्या पराभवाचा ठपका त्यांच्यावर फारसा आला नाही. लॉइड बेंटसन यांनी तर १९८८ मध्ये उपाध्यक्षपदासाठी लढून हरताना त्याच वेळी टेक्सासमधून सिनेटचीही निवडणूक लढवून आपली जागा राखली. अशी सोय प्रत्येकाला नसते. तरीही पक्षाने अडचणीत घातलेली हाक नाकारणारा माणूस पक्षात सहसा विसरला जात नाही, आणि होकारामागचे हेच कारण मला सर्वांत प्रबळ वाटते.