शून्य-शून्यच्या रात्री लावलेलं पान

मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर फुटबॉलला किती जागा मिळते हे वेगळं सांगायला नको. विश्वचषक असला की पानंच्या पानं, एरवी सिंगल कॉलम. त्यामुळे 6 जून 2024 च्या रात्री भारताचा फुटबॉल कर्णधार सुनील छेत्रीचा निरोप हा आमच्या पानाचा लीड, म्हणजे मुख्य बातमी असणार हे ठरलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्या पानावरून काढलेली एक चौकट मात्र अजून डोक्यातून जात नाही.

त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली 16 मेला, स्वतः व्हिडिओ टाकून. म्हणजे तयारीला तीन आठवडे मिळाले. आमच्या धंद्यात ही चैन असते. कारकिर्दीचा मजकूर मी आधीच लिहून ठेवला होता, सामन्याचा निकाल आणि गोलांचा आकडा तेवढा भरायचा होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं की पेपर एका रात्रीत एकच निघतो. तसं नसतं. लांबच्या तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती आधी सुटते, शहर आवृत्ती मध्यरात्र उलटल्यावर. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्धचा सामना सातला सुरू होणार होता, म्हणजे नऊच्या आसपास संपणार. डाक आवृत्तीला तो जेमतेम मिळणार. नऊलाच डॅलसमध्ये टी-20 विश्वचषकातला अमेरिका-पाकिस्तान सामना सुरू होणार होता. लोकसभेचा निकाल दोनच दिवसांपूर्वी लागलेला, त्यामुळे राजकारणाने आमचं दुसरं पान खाल्लं होतं. उरलेल्या पानावर अर्धी जाहिरात.

संध्याकाळचा वेळ वृत्तसंस्थांच्या कॉपी दुरुस्त करण्यात गेला. बहुतेकांत एकच घोळ होता, आंतरराष्ट्रीय गोलांत छेत्री ‘जगात तिसरा’. तो तिसरा होता, पण त्या वेळी खेळत असलेल्यांमध्ये, रोनाल्डो आणि मेस्सीच्या मागे. सर्वकालीन यादीत इराणचा अली दाई मध्ये येतो, म्हणून छेत्री चौथा. 151 वा सामना, 94 गोल. हा फरक किरकोळ वाटेल, पण ज्याने 19 वर्षं घाम गाळून ते गोल केले त्याच्याबद्दल निदान आकडा तरी बरोबर छापला पाहिजे. आमच्याकडे तो बरोबर गेला. दुसऱ्या दिवशी इतर पेपर चाळताना मला त्याचा अभिमान वाटला.

मग कापाकापी. हजारावर शब्दांचा मजकूर सव्वादोनशेत बसवायचा. सिकंदराबादचा जन्म, वडील लष्करात, आई आणि मावशी दोघी नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेल्या. 2002 मध्ये मोहन बागान क्लब, मग पंजाबचा जेसीटी. 12 जून 2005 ला क्वेट्टामध्ये पाकिस्तानविरुद्ध पदार्पण आणि त्याच सामन्यात गोल. 2008 च्या एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात दिल्लीत ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक, त्या 4-1 विजयामुळे भारत 2011 च्या आशियाई चषकाला पात्र ठरला, 27 वर्षांनी तिथे खेळायला. यातलं काय उडवणार?

आमच्या क्रीडा संपादकांनी क्वीन्स पार्क रेंजर्सच्या परिच्छेदावर काट मारली. मी तो परत घातला. 2009 मध्ये त्या इंग्लिश क्लबने त्याच्याशी करार केला होता, पण ब्रिटनने वर्क परमिट दिलं नाही, कारण भारताचा संघ फिफा क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये नव्हता. ही एवढी ओळ त्याची सगळी कारकीर्द सांगते. त्याचे पाय चालत होते, पण मोजमाप झालं ते मागे उभ्या असलेल्या देशाच्या फुटबॉलचं. पुढे तो अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या क्लबकडे गेला, लिस्बनच्या स्पोर्टिंगच्या ब संघातही गेला आणि दोन्ही वेळा परत आला. भारतासाठी गोल करणं मात्र एकदाही थांबलं नाही.

मुंबईच्या वाचकांसाठी 2018 ची आठवणही हवीच होती. 1 जूनला अंधेरीच्या मैदानात भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक 2,569. आमच्याकडे ती बातमी सिंगल कॉलम गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या. 4 जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात मैदान भरलं. त्याने दोन गोल केले. सगळ्यांनी त्या गर्दीचं कौतुक केलं. देशाच्या कर्णधाराला हात जोडायला लावून मग आलेल्या गर्दीचं मला तेव्हाही कौतुक वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

आता ती चौकट. सामन्याआधी मी एक छोटी आकडेवारी काढली होती. 2024 मध्ये भारत तोवर पाच सामने खेळला होता. जानेवारीत आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया, तिन्ही सामने गमावले, गोल शून्य. मार्चमध्ये अफगाणिस्तानशी सौदीतल्या आभाला 0-0, मग गुवाहाटीत 1-2 पराभव. पाच सामन्यांत मिळून एक गोल. तो गुवाहाटीत, पेनल्टीवर, 39 वर्षांच्या छेत्रीने केलेला. मला वाटलं, आज रात्रीची खरी बातमी ही आहे.

सामना सुरू झाला आणि ती बातमी पडद्यावर दिसायला लागली. 50 हजारांहून जास्त लोक, हातात छेत्रीच्या 11 नंबरचे फलक, आणि पेनल्टी बॉक्समध्ये छेत्रीपर्यंत चेंडूच पोहोचेना. तो खाली येऊन चेंडू घ्यायचा, तेव्हा वर कोणी नसायचं. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूने गोल वाचवले म्हणून निदान बरोबरी राहिली. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचं दार जवळपास उघडलं असतं. 0-0. मग सहकाऱ्यांची मानवंदना, मैदानाला फेरी, जोडलेले हात, डोळ्यांत पाणी.

चौकट सहा सामने, एक गोल अशी सुधारली आणि पानावर ठेवली. क्रीडा संपादक म्हणाले, “निरोपाच्या दिवशी हे नको. घरातून माणूस निघताना हिशेब काढत नाहीत.” मी म्हणाले, हा हिशेब त्याचा नाही सर, आपल्या फुटबॉलचा आहे. ते म्हणाले, वाचक तसा वाचणार नाही. चौकट निघाली, तिथे रडणाऱ्या छेत्रीचा फोटो एक कॉलम मोठा झाला. डाक आवृत्ती सुटली.

मध्यरात्रीनंतर अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. शहर आवृत्तीत लीड बदलला, छेत्री खाली सरकला, आणि क्वीन्स पार्क रेंजर्सचा परिच्छेदही गेला. म्हणजे तालुक्यातल्या वाचकाला जे पूर्ण मिळालं ते मुंबई-पुण्याच्या वाचकाला मिळालं नाही. तो निर्णय बातमी म्हणून चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, अमेरिकेचा विजय खरंच मोठा होता. चौकटीबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

पाच दिवसांनी कतारने भारताला 2-1 हरवलं. कतारचा पहिला गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यावर झाल्याचं सगळ्यांनी पाहिलं, त्यावर भरपूर छापूनही आलं. पण वर्ष संपलं तेव्हा भारताने 2024 मध्ये एकही सामना जिंकला नव्हता. त्याचा त्या रेषेशी काय संबंध? इंडियन सुपर लीग या देशातल्या मुख्य क्लब स्पर्धेत तेव्हा प्रत्येक क्लब चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवू शकत होता, आणि गोल करण्याची जागा बहुधा त्यांच्यातल्याच कोणाला तरी मिळायची. मुलगा वर्षभर क्लबच्या बाकावर किंवा कडेला खेळतो आणि देशाच्या सामन्यात त्याच्याकडून गोलाची अपेक्षा करतात. छेत्री यातून वाचला कारण तो या लीगच्या आधी घडला होता.

आणि मग मार्च 2025 मध्ये त्यालाच परत बोलावलं. चाळिशी गाठलेला, तरी त्या मोसमात लीगमधल्या भारतीयांत सर्वाधिक गोल त्याचेच. 19 मार्चला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध 3-0, सामन्याचा पहिला गोल मुंबईकर राहुल भेकेचा, आणि छेत्रीचा कारकिर्दीतला 95 वा आंतरराष्ट्रीय गोल. डेस्कवर टाळ्या पडल्या. वाचकांचे मेसेज आले, सगळे त्याच्या फिटनेसबद्दल. सहा दिवसांनी बांगलादेशशी 0-0.

त्या रात्री मी चौकट नव्या आकड्यांसह पुन्हा केली. या वेळी क्रीडा संपादकांनी न मागता दोन कॉलम दिले. ती छापून आली, आणि तिच्यावर एकही मेसेज आला नाही. सर म्हणतात, वाचक वाचत नाही हे तेव्हाच सांगितलं होतं. मला वाटतं, 6 जूनला सगळा महाराष्ट्र छेत्रीबद्दल वाचत होता, आणि ती चौकट तेव्हाच लागायला हवी होती.