सात दिवसांचे पत्र आणि माझे एकेचाळीस दिवस

कॉलेज संपवून परदेशी क्लबकडून बास्केटबॉल खेळायला निघालेल्या मुली माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांना शूटिंगविषयी किंवा तंदुरुस्तीविषयी काही ऐकायचे असते. मी मात्र आधी करार मागते आणि तो शेवटच्या पानापासून वाचायला लागते. ही सवय मला २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरने लावली.

कॉलेजची चार वर्षे आणि परदेशातील पहिला हंगाम यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अमेरिकेत एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज क्रीडा संघटनेच्या, पहिल्या विभागात महिलांचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. मी २०१६ मध्ये बाहेर पडले तेव्हा डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, १२ संघ होते आणि प्रत्येकात जास्तीत जास्त १२ खेळाडू, म्हणजे सगळ्या मिळून १४४ जागा. ड्राफ्टमधील, म्हणजे या लीगच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, ३६ नावांत माझे नाव नव्हते, आणि ते असेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. एजंटाने युरोपातील एक क्लब मिळवून दिला, मी गेले, खेळले. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’, म्हणजे खेळाडू मोकळी असल्याचे पत्र, लागते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते, कारण ते माझ्या नकळत मागवले गेले आणि आलेही.

दुसऱ्या वर्षी मी वेगळ्या देशातील क्लबशी करार केला आणि तेथे गाडी अडली. हे पत्र खेळाडूला स्वतः मागता येत नाही. नव्या देशाचा बास्केटबॉल महासंघ जुन्या देशाच्या महासंघाकडे ते मागतो, आणि जुन्या महासंघाने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाप्रमाणे सात दिवसांत उत्तर द्यायचे असते. खेळाडू जुन्या क्लबशी कराराने अजून बांधलेली असेल, तरच नकार देता येतो. माझी मागणी १७ ऑगस्टला गेली. सहाव्या दिवशी उत्तर आले, म्हणजे नियम काटेकोरपणे पाळला गेला. फक्त ते उत्तर नकाराचे होते.

माझ्या जुन्या करारात, शेवटच्या पानावर, एक कलम होते: क्लबने ३१ मेपर्यंत लेखी कळवले तर करार आणखी एका हंगामासाठी वाढेल. क्लबचे म्हणणे असे की, त्यांनी एजंटाला तसे कळवले होते. एजंटाला ते पत्र आठवत नव्हते, नंतर आठवले, त्यानंतर तो फोनच उचलेनासा झाला. ज्या क्लबने माझे फेब्रुवारी आणि मार्चचे वेतन दिलेले नव्हते, तोच क्लब मला आणखी एक वर्ष ठेवून घेण्याचा हक्क सांगत होता, आणि ते वाचताना मला हसावे की रडावे हे कळेना.

अशा वेळी प्रकरण फिबाच्या महासचिवांकडे निर्णयासाठी जाते. कागदपत्रे नव्या महासंघामार्फत गेली आणि मी वाट पाहत राहिले. मला सरावात भाग घेता येत होता, पण परवाना नसल्यामुळे सामन्यांत उतरता येत नव्हते. सहकारी सराव सामने खेळत असताना मी बाकावर साध्या टी-शर्टमध्ये बसून पाण्याच्या बाटल्या पुढे करत होते. नव्या करारानुसार वेतनही पत्र आल्यावरच सुरू होणार होते, आणि लीगच्या पहिल्या सामन्यापर्यंत ते आले नाही तर तो करारच रद्द होणार होता. कार्यालयात रोज विचारायला जाऊ नका, असा शहाणा सल्ला मी देऊ शकले असते, पण मी रोज जात होते. तेथील सचिव बाई मला पाहताच नकारार्थी मान हलवायच्या, म्हणजे मला तोंड उघडावेच लागू नये.

मला वाचवले ते माझ्याच रागाने. करारात आणखी एक कलम होते की, वेतन ३० दिवसांहून जास्त थकले तर खेळाडू लेखी सूचना देऊन करार संपवू शकते. २ मे रोजी घरी परतताना विमानतळावर बसून, कोणालाही न विचारता, मी क्लबला एक संतापलेला ई-मेल पाठवला होता आणि त्याच्या शेवटी ‘हा करार मी संपला असे समजते’ असे लिहिले होते. तो ई-मेल पाठवल्याचे मी पार विसरून गेले होते. सप्टेंबरच्या मध्यावर एका रात्री जुने निरोप चाळताना तो सापडला, आणि २७ तारखेला पत्र आले. म्हणून सांगते: क्लबच्या व्यवस्थापकाशी झालेले कोणतेही बोलणे त्याच दिवशी लिहून पाठवा. शब्द गोड नसले तरी चालतील, तारीख मात्र असू द्या.

थकलेले वेतन मात्र आजतागायत मिळालेले नाही. अशा तंट्यांसाठी जिनिव्हात बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरण आहे आणि त्याचा निवाडा न पाळणाऱ्या क्लबला नवे खेळाडू नोंदवण्यास बंदी घालता येते. परंतु त्या लवादाचे कलम करारातच असावे लागते. माझ्या पहिल्या करारात ते नव्हते. दुसऱ्यात मी ते हट्टाने घालून घेतले, आणि तेथे वेतन नेमके वेळेवर मिळत गेले.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे हंगाम अर्ध्यावर थांबला आणि माझे खेळणेही. कॉलेजच्या संघाची सहायक प्रशिक्षक झाले, परदेशातील २४ सेकंदांच्या घड्याळाची (तेवढ्या वेळात बास्केटकडे चेंडू टाकावाच लागतो) लागलेली घाई पुन्हा कॉलेजच्या ३० सेकंदांवर आणायला एक वर्ष गेले, एवढेच. (एक राहिले: करार, पासपोर्ट आणि नोंदणी अर्ज या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखे हवे. त्यातही दिवस जातात.)

मागच्या हंगामात माझी एक खेळाडू एका क्लबमधून दुसऱ्या देशातील क्लबमध्ये गेली. तिचे पत्र चौथ्या दिवशी आले. तिने आनंदाने फोन केला, तेव्हा मलाही आनंद झाला आणि, खरे सांगायचे तर, थोडा रागही आला.