तुम्ही विचारलंत म्हणून: हे असले फोटो कशाला?

"स्वतःचेच फोटो, तेही पोलीस ठाण्यातल्यासारखे? जरा हसून काढ की." कॉलेजात, घरी, लग्नाच्या मांडवातसुद्धा मला हेच ऐकवतात. माझ्या या फोटोंच्या मालिकेबद्दल एकदा नीट सांगते.

गुन्हेगाराचा फोटो समोरून एक, बाजूने एक, ही पद्धत 1880च्या दशकात पॅरिसच्या पोलिसांतल्या बर्तियोंने पक्की केली. आपल्याकडे 1868 ते 1875 या काळात इंग्रजांनी जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड छापले. त्याच काळात, 1871ला, गुन्हेगार जमात कायदा आला. पुढे त्याच नावाच्या कायद्याखाली आमची माणसं सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या आत गेली. कैकाडी म्हणून जन्मणं एवढा गुन्हा पुरे होता. आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं तिच्यासमोर मला उभं राहायचं होतं, पण कॅमेऱ्याचं बटण माझ्याच हातात ठेवून.

पहिल्या वर्षी मी भाड्याची नऊवारी, नथ, ठुशी घालून फोटो काढले होते. सगळ्यांना आवडले. तसली नथ आमच्या घरात कुणीच कधी घातली नव्हती. तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी: मला छान दिसावंसं वाटलं, त्यात काय वाईट? तिला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नाही.

आणि फोटोत माझ्या हातातली पाटी. तिच्यावर ते पुसटलेलं काय आहे, हेही विचारता तुम्ही.

आजीच्या घरात भिंतीला पांढरी चादर लावली होती. हातातल्या पाटीवर मी नाव लिहिलं, खाली 'कैकाडी'. आजी भाकऱ्या थापता थापता उठून आली. पिठाच्या हातानेच पदराचं टोक धरलं आणि खालची ओळ पुसली. नाव तसंच ठेवलं.

"नाव असू दे. हे कशापायी?"

मी परत लिहिलं. तिने परत पुसलं.

"आमच्या आबाला असंच हुबं करायचे हजेरीला. गावाला जायचं तर पास लागायचा. तार निघाली, आम्ही सुटलो. आन् तू सोताहून आत चाललीस?"

मी म्हटलं, आजी, तारेच्या आत नेलं त्यांनी लाज बाळगावी, आपण का? ती म्हणाली, "लाज न्हाई, भ्या वाटतं. तुला न्हाई कळायचं." आणि चुलीकडे गेली. त्या दिवशी आम्ही जेवलो, पण बोललो नाही. फोटो मी तसाच काढला: वर नाव, खाली खडूचा पांढरा फराटा, त्यात तिच्या बोटांचं पीठ.

तो फोटो मालिकेत असावा की नाही, यावर आमचं अजून वाजतं. मला तोच सगळ्यात खरा वाटतो. तिला वाटतं, तिचं भय मी भिंतीवर टांगलंय, आणि हे मला खोडता येत नाही. 31 ऑगस्टला, विमुक्त दिनाला, म्हणजे या जमाती त्या कायद्यातून सुटल्या त्या दिवशी, ही मालिका सेटलमेंटमध्येच लावायची माझी इच्छा आहे. आजी नको म्हणते. तिच्या शेजारणी बघायला येतील, आणि त्यांच्याही घरात हजेरी लावलेली माणसं होती.