खर्च झाला, धरला नाही

कॅनडातल्या १२.५ लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्नाच्या खाजगी रेडिओ केंद्राला देशी संगीतासाठी दरवर्षी काही रक्कम द्यावी लागते. १९८६च्या रेडिओ नियमावलीतच ते आहे. केंद्रांच्या परवाना-नूतनीकरणाच्या फायली आम्ही तयार करतो, आणि त्यातली एक अजून डोक्यातून जात नाही.

आकडेमोड सोपी होती. प्रसारण वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. उत्पन्न धरायचं ते आदल्या वर्षाचं (निम्मे लोक चालू वर्षाचं धरतात आणि तिथेच फसतात). ते होतं १८.५ लाख डॉलर. म्हणजे सरसकट १,००० डॉलर, शिवाय १२.५ लाखांच्या वरच्या सहा लाखांवर अर्धा टक्का, ३,०००. एकूण ४,०००. त्यातले किमान ४५ टक्के, म्हणजे १,८००, फॅक्टर या निधीला आणि १५ टक्के, म्हणजे ६००, कम्युनिटी रेडिओ फंडाला. उरलेले १,६०० कुठे द्यायचे ते केंद्राने ठरवायचं. घोळ हमखास इथेच होतो.

केंद्राने या १,६००च्या जागी वर्धापनदिनाच्या मैफलीचे ५,२०० डॉलर दाखवले होते. बिलं पाहिली तर सभागृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, केंद्राचंच नाव ठळक छापलेले फलक. ही झाली स्वतःची जाहिरात. ती धरत नाहीत. गायकांच्या मानधनासाठी निदान भांडता आलं असतं, पण ते दिलं होतं रोख, पाकिटातून. पावती नाही, वटलेल्या चेकची प्रत नाही. फॅक्टरला दिलेला चेक खरा होता, तारीख मात्र ९ सप्टेंबर! म्हणून संपलेल्या वर्षात १,८०० कमी आणि नव्या वर्षात तेवढेच जास्त. नियामकाकडे द्यायचा वार्षिक रिटर्न मात्र ३० नोव्हेंबरच्या मुदतीत, रकाने पूर्ण भरून गेलेला.

लबाडी नव्हती. जाहिरातीचं खातं आणि हे खातं एकच मानणारा हिशेबनीस होता, इतकंच. पण परवाना तेव्हा सात वर्षांपर्यंतचा असायचा आणि बारीक तपासणी बहुतेक वेळा नूतनीकरणालाच व्हायची, त्यामुळे तोच खर्च वर्षामागून वर्ष तसाच दाखवला गेला. पहिल्याच डिसेंबरात कुणी दोन कागद मागितले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

आता तुटीची रक्कम भरायची आणि बहुधा कमी मुदतीचा परवाना घ्यायचा. मालकांचा प्रश्न एवढाच आहे, की गाणाऱ्यांना एकदा दिलेले पैसे पुन्हा का द्यायचे. नियमातलं उत्तर मी त्यांना दिलं. ते त्यांना पटलेलं नाही, आणि मलाही पुरतं पटवून देता येत नाही.