नागभीड गाडी गेली, वळण राहिलं

रविवारी सकाळी परत उमरेड रोडला गेलतो, घरी सांगितलं बाईकचं काम आहे, कारण "बंद पडलेली लाइन पाहायला चाललो" म्हटलं की बाबा असे पाहतात की विचारू नका. लाइन म्हणजे आपली नागपूरची इतवारी-नागभीड नॅरोगेज, छोटी गाडी, बंगाल नागपूर रेल्वेनं १९०८ मध्ये सुरू केलेली, दोन रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट, आणि २५ नोव्हेंबर २०१९ ला ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या गाडीची रुंद लाइन, करायचं म्हणून बंद.

अमेरिकेत मिसूरीला केटी ट्रेल म्हणून जुन्या लाइनीवर जवळपास ३८६ किलोमीटरचा सायकलचा रस्ता केलाय. आपल्याकडं कुठलं तसं, जुनी लाइन नव्या भरावाखालीच जाते. पण छोटी गाडी तीव्र वळणावरून जायची आणि मोठीला ते झेपत नाही, म्हणून जिथं नवी लाइन सरळ काढतात तिथं जुनं वळण बाजूला पडून राहतं. मी तेवढंच शोधत फिरतो. (नव्या लाइनीवर पाय ठेवायचा नाही हं.)

या वेळी एक सापडलं, दोन शेतांच्या मधात गुडघाभर उंच भराव, त्यावर बाभळी, आणि पायानं माती सरकवली तर खाली काळी गिट्टी. शेवटाला दगडी मोरी, म्हणजे लाइनीखालून पाणी जायला केलेला छोटा पूल, इतकी नीट बांधलेली की सांध्यात चाकूचं पातं जाईना, आणि तिच्या आत कुणाच्या तरी दोन बकऱ्या. इंजिनं पाहायला नागपुरात मोतीबागचं रेल्वे म्युझियम आहेच, रंग मारून उभी केलीत, पण मला ही मोरी जास्त आवडली बाप्पा.

माझी आजी भिवापूरची, मिरचीचं पोतं घेऊन याच गाडीनं यायची, आख्खा डबा शिंकायचा आणि टीसी नाकाला रुमाल लावून तिकिटं पाहायचा म्हणे.

तेवढ्यात बकऱ्यांचे मालक आले. "मोजणीवाले का?"

"नाही काका, जुनी लाइन पाहून राहिलो."

"ते तर गेली. मंग काय पाहता?"

मी आपला मोरीकडं बोट दाखवून गप्प. त्यांना काही पटलं नाही, सातबाऱ्याची भीती डोळ्यात दिसतच होती, पण पाणी दिलं आणि म्हणाले, पुढं नाल्यावर याच्याहून मोठी आहे, तिच्यात घोरपड राहते, काठी घेऊन जा.

काठी नव्हती. पुढच्या रविवारी.